कडेची ओळ

कोयता दगडावर बसला आणि एलादिओच्या मनगटातून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. तो शिवी हासडून थांबला. सकाळपासून तो निलगिरीखालचा तोशो कापत होता. तोशो म्हणजे नुसते काटे आणि त्यावर पिवळी फुलं; माणसाच्या छातीइतका वाढतो आणि कापडातूनही टोचतो. लाकडाचा व्यापारी सोतेलो म्हणाला होता, खालचं रान साफ झाल्याशिवाय माझं यंत्र आत येणार नाही. म्हणून एलादिओ लांब दांड्याचा कोयता घेऊन वरच्या गाडीवाटेपासून कापत कापत उतारावरून खाली, ओढ्याच्या बाजूला आला होता.

त्याने बुटाच्या टाचेने शेवाळ खरवडलं. दगड उभा होता, गुडघ्याएवढा, वरून बोथट. असे दगड उगाच उभे नसतात. तो बांधाचा दगड होता.

एलादिओने आधी मागे पाहिलं, कोणी बघत नाही ना ते. मग तो दगडाच्या मागे उकिडवा बसला, एक डोळा मिटला आणि वर गाडीवाटेकडे नजर लावली. वाटेच्या कडेचा दुसरा दगड त्याला लहानपणापासून माहीत होता. या दगडापासून त्या दगडापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढली, मग पुन्हा एकदा ओढून पाहिली. निलगिरीची कडेची ओळ रेघेच्या पलीकडे जात होती. वरची दोन-तीन झाडं सोडली तर सगळी ओळ शेजारच्या आमारोच्या बाजूला.

कडेची ओळ म्हणजे सगळ्यांत जाड ओळ. तिला एका अंगाने मोकळा उजेड मिळालेला. आतली झाडं उजेडासाठी एकमेकांशी भांडत बारीक आणि उंच झाली होती, ही मात्र पोसलेल्या बैलांसारखी फुगली होती. एलादिओच्या दोन्ही हातांच्या कवेत त्यातलं एकही मावत नव्हतं. रविवारी चर्चमधून आला की तो कपडेही न बदलता इथे यायचा, एकेका झाडाला कवेत घ्यायचा, आणि बोटांमधलं अंतर गेल्या खेपेपेक्षा किती वाढलं ते बघायचा. वारा आला की सोललेल्या सालींच्या लांब पट्ट्या खोडांवर घासायच्या. तो आवाज त्याला घरातल्या कुठल्याही आवाजापेक्षा आवडायचा. आयुष्यभर त्याने गाई राखल्या. गाय रोज काहीतरी मागते. हे झाड दोन वर्षं राखलं की पुन्हा माणसाकडे काही मागत नाही.

कापलेला तोशो ओढून त्याने दगड पुन्हा झाकला आणि घरी गेला.

त्याची बायको दोसिंदा चुलीपाशी बसून बटाटे सोलत होती. भांड्यात कोबीच्या पानांचं आणि डुकराच्या हाडांचं सूप रटरटत होतं. बाहेर समुद्राकडून येणारा बारीक पाऊस धरला होता. वरच्या खोलीत पाटीच्या दगडाचे तुकडे निसटलेल्या छपरातून पाणी गळत होतं, म्हणून दोघांनी पलंग स्वयंपाकघराच्या भिंतीला आणून लावला होता. झाडं विकली की उत्तरेकडचं छप्पर नवं करायचं, असं दोन हिवाळे ठरत होतं.

"आमारोने दगड सरकवला," एलादिओ दारातूनच म्हणाला.

"कुठला दगड?"

"खालचा. ओढ्याकडचा. आत आणून रोवलाय. अख्खी ओळ त्याच्याकडे जाते."

दोसिंदाने सुरी खाली ठेवली. "तू पाहिलंस सरकवताना?"

"सरकवताना कोण दाखवतो? वसंतात तो कुदळ घेऊन ओढ्यापाशी काय करत होता?"

"झरा साफ करत होता. दर वर्षी करतो."

"सात दिवस?"

"तू सात दिवस बघत बसला होतास?"

"येता-जाता दिसतं." एलादिओने बूट काढले. मोज्यात काटे रुतले होते. ते तो एकेक उपटून चुलीत टाकू लागला. "आणि झऱ्याबद्दल रडत का असतो? 'तुझी निलगिरी माझं पाणी पिते.' हे दगडाचंच आधीपासून चालू होतं. पहिल्यांदा पाणी, मग जमीन."

"त्याच्या बापानेही एकदा कुंपण सरकवलं होतं म्हणतात," दोसिंदा म्हणाली. तिलाही पटायला फार वेळ लागला नाही. मग बटाटा हातात फिरवत ती म्हणाली, "पण शेवाळ होतं का रे दगडावर?"

"होतं."

"वसंतात रोवलेल्या दगडावर?"

"दगडाबरोबर शेवाळही येतं, बाई. दगड काय धुऊन रोवतात?"

सोतेलो आला तो रंगाचा डबा घेऊनच. ठेंगणा माणूस, सतत घाईत. झाडाला हात लावायचा नाही, नुसतं वर बघायचा आणि खोडावर लाल पट्टा मारायचा. एलादिओ त्याच्या मागून चालत होता. कडेच्या ओळीपाशी आल्यावर सोतेलोने पहिल्यांदाच शीळ घातली.

"हीच खरी लाकडं. बाकीचा सगळा कागदाचा लगदा."

त्याने ब्रश उचलला आणि पलीकडून खोकल्याचा आवाज आला. आमारो त्याच्या चेस्टनटच्या झाडाला टेकून उभा होता, हातात करंडी. चेस्टनट वेचायचे दिवस होते, तेव्हा तो तिथे असणं बरोबरच होतं. पण एलादिओच्या मते तो करंडी दाखवायलाच घेऊन आला होता. करंडीत चार-पाचच चेस्टनट होते.

"सकाळ चांगली आहे," आमारो म्हणाला.

"पावसाळी आहे," एलादिओ म्हणाला.

"तेही खरं." आमारो जवळ आला. उंच, वाकलेला, कानात केस उगवलेला. दोघं एकाच वर्गात शिकले होते, एकाच बाकावर मार खाल्ला होता. "ही ओळही जाणार का?"

"का? नको जायला?"

"मी कुठे म्हटलं नको?"

"मग विचारतोस का?"

"विचारायला काय हरकत आहे?"

सोतेलो एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. ब्रशवरून लाल थेंब त्याच्या बुटावर पडला.

"खाली बांधाचा दगड उघडा पडलाय म्हणे," आमारो म्हणाला.

एलादिओने खाली ओढ्याकडे पाहिलं. दगड तर झाकलेला होता. म्हणजे हा माणूस मागून येऊन बघून गेला. "उघडा पडलाय की कोणी नवा रोवलाय?" तो म्हणाला.

करंडीतला एक चेस्टनट उचलून आमारोने बोटांनी दाबला, किडका निघाला तसा फेकून दिला. "मला चोर म्हणतोस?"

"मी कोणाचं नाव घेतलं?"

"हे बघा," सोतेलो मध्येच म्हणाला, "भांडणातलं झाड मी तोडत नाही. एकदा तोडलं होतं, अजून कोर्टात फिरतोय. यंत्र पुढच्या आठवड्यापर्यंत या भागात आहे. तोवर मिटवा." आणि त्याने त्या ओळीवर एकही पट्टा न मारता डब्याचं झाकण लावलं. परक्या माणसासमोर आपल्या झाडांवरून रंग मागे गेला, हे एलादिओला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"साक्षीदार काढू," तो आमारोला म्हणाला.

"काढू. मला काय भीती?"

दगडाचे साक्षीदार जमिनीत असतात. जुने लोक बांधाचा दगड रोवताना एक सपाट पाथर फोडायचे आणि तिचे तुकडे दगडाच्या दोन अंगांना पुरायचे. पुढे कधी वाद झाला, तर उकरून तुकडे जुळवायचे. तुकडे सापडले आणि जुळले, तर दगड जागचा हललेला नाही. रात्रीतून दगड सरकवणाऱ्याला साक्षीदारही सरकवायचं सुचत नाही. सुचलं, तरी ते कुठे, किती खोल आहेत, ते त्याला ठाऊक नसतं.

खणायच्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या बाल्बिनोकाकांना बोलावलं. ते दोघांच्याही बापांना ओळखत होते आणि दोघांच्याही बापांविषयी त्यांचं मत वाईट होतं, म्हणून त्यांचा शब्द दोघांना चालणार होता. त्यांना बसायला दोसिंदाने घरून तिपाई आणली. स्वतः ती शालीत हात गुंडाळून उभी राहिली. पाऊस नव्हता, पण निलगिरीची पानं धुकं धरून ठेवत होती आणि मोठे थेंब करून मानेत सोडत होती.

"कोण खणणार?" बाल्बिनोकाकांनी विचारलं.

"मी," दोघं एकदम म्हणाले.

"म्हणजे एकाने काही पुरलं तर दुसऱ्याला दिसायला नको, असं का? एकेक हात खणा. एक खणेल तेव्हा दुसरा बघेल."

एलादिओने सुरुवात केली. जमीन मुळांनी विणलेली होती. कुदळ आत जाईना, उसळून वर येई. थोड्याच वेळात त्याच्या कमरेत कळ आली, पण आमारोसमोर कंबर धरायची नाही म्हणून तो घाम पुसायचं निमित्त करून थांबू लागला. मग आमारोने कुदळ घेतली. त्याचे हात थरथरत होते. तेही एलादिओने टिपलं. चोराचे हात थरथरतात.

"काही नाही निघत," काही वेळाने एलादिओ म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "बघा काका. इथे साक्षीदार नाहीत. दगड बाहेरून आणलाय!"

"अरे, दम धर. तुझा आजा खोल पुरायचा. सगळ्याच गोष्टी खोल पुरायचा," म्हातारा म्हणाला. "त्या मुळाखाली बघा."

मुळाखाली आमारोची कुदळ टचकन वाजली. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने हाताने माती उकरली. तळहाताएवढी काळी पाथर. त्याने ती उचलली नाही. हात वर करून मागे सरकला, म्हणजे आपण काही केलं असं कोणी म्हणायला नको. एलादिओने ती उचलली. मग दगडाच्या दुसऱ्या अंगाला खणलं. तिथे तेवढ्याच खोलीवर दुसरा तुकडा होता.

बाल्बिनोकाकांनी दोन्ही तुकडे ओढ्यात धुऊन आणायला सांगितले. दोसिंदा गेली. परत आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता, वाटेतच तिने ते जुळवून पाहिले होते. म्हाताऱ्याने मांडीवर तुकड्याला तुकडा लावला. फुटीची कड नागमोडी होती, मध्ये एक छोटा दातरा होता. दातरा खाचेत बसला. दोन तुकड्यांमध्ये नखही जाईना.

"दगड जागचाच आहे," बाल्बिनोकाका म्हणाले. "तुझ्या आज्याने आणि याच्या आज्याने रोवला तसाच. ओळ आमारोच्या जमिनीत आहे, एलादिओ."

वर सालींच्या पट्ट्या खोडांवर घासत होत्या.

"मग ओळ अशी वाकडी आखली कोणी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मी," एलादिओ म्हणाला.

"एकट्याने? एवढी लांब दोरी?"

एलादिओने आमारोकडे पाहिलं. बाल्बिनोकाकांनी पाहिलं, दोसिंदानेही पाहिलं. आमारो कुदळीवरची माती काठीने काढत होता.

लागवडीचा दिवस एलादिओला आता पुन्हा दिसला. तो वर, गाडीवाटेच्या दगडापाशी, दोरीचं एक टोक धरून. खाली, तोशोच्या जाळीत छातीपर्यंत बुडालेला आमारो, दुसरं टोक धरून. "आणखी थोडं? इथे?" आमारो खालून ओरडत होता, आणि तो वरून ओरडला होता, "दगडापाशी धर!" "धरलंय!" मग दोरी ताणली गेली. आयुष्यात एलादिओने दूधवाल्याचं माप तपासलं, पाद्र्याच्या पेटीतली नाणी मोजताना जवळ उभा राहिला, स्वतःच्या भावाने लिहिलेली वाटणी दोन वकिलांकडून वाचून घेतली. त्या एका दिवशी मात्र त्याने दोरी तपासली नाही, कारण खाली जायचं तर काट्यांतून जावं लागलं असतं. संध्याकाळी आमारोने स्वतःच्या घरून वाइनची सुरई आणली होती. दोघं उताणे पडून प्याले होते.

"तू दोरी धरली होतीस," तो म्हणाला.

"धर म्हणालास, धरली. उपकार केले, ते चुकलं का?"

"दगड दिसत होता तुला?"

"तुला इतकी वर्षं दिसला नाही. मला त्या काट्यांत कसा दिसेल?"

"धरलंय, म्हणालास!"

"दोरी धरली होती. खोटं काय त्यात?"

"पुरे," बाल्बिनोकाका म्हणाले. "साक्षीदार दगडाचे असतात. दोरीचे नसतात."

दोसिंदाने तिपाई उचलली. जाता जाता ती आमारोसमोर थांबली. "झाडं तुझी झाली. आता तुझा झरा पिणारी झाडंही तुझीच. तक्रार कोणाकडे करणार?"

आमारो हसला नाही. पण त्याला राग आलेलाही दिसला नाही, आणि हेच एलादिओला डाचलं.

त्या दिवसापासून एलादिओला झोप नीट लागेना, जेवण लागेना. आमारोच्या प्रत्येक जुन्या वागण्याला आता दुसरी बाजू फुटली. पहिल्या उन्हाळ्यात त्याने गवत कापायचं मशीन उसनं दिलं होतं. आपल्याच झाडांसाठी दिलं होतं तर! ओळीतली दोन रोपं बकरीने खाल्ली तेव्हा दुसरी आणून देणारा आमारोच होता. दारूच्या गुत्त्यात चारचौघांत तो म्हणायचा, "एलादिओची कडेची ओळ बघा, कशी माजलीय." एलादिओ खूश होऊन त्याच्या दारूचे पैसे द्यायचा. एवढी वर्षं शेजाऱ्याने आपल्याला गडी म्हणून राबवलं आणि वर दारूही आपल्याकडूनच प्याला.

"कदाचित त्यालाही माहीत नसेल," दोसिंदा एकदा म्हणाली.

"तू कोणाच्या बाजूची?"

"छपराच्या."

सोतेलोचं यंत्र आलं. त्याने दोन दिवसांत आतली सगळी झाडं आडवी केली. खोड पकडायचं, कापायचं, फिरवत फिरवत साल काढायची, आणि बाजूला टाकायचं. उतार भादरल्यासारखा झाला. ओल्या लाकडाचा उग्र वास गावभर पसरला. ज्यांना खोकला होता त्यांना बरं वाटलं. कडेची ओळ तेवढी उभी राहिली, वाऱ्याला एकटी. बारीक लाकडाचे जे पैसे मिळाले त्यात पाटीवाला अर्धंच छप्पर करून द्यायला तयार झाला.

आणि मग आमारो दारात आला. बारीक पाऊस होता. टोपी त्याने हातात घेतली होती, डोकं भिजत होतं. का आला, ते एलादिओला बघताक्षणी कळलं, आणि त्याला मनातून गुदगुल्या झाल्या. आमारोच्या जमिनीकडे जायला दोन भिंतींमधली पायवाट होती; बैल जेमतेम जाईल. यंत्र जाणार ते एकाच वाटेने, एलादिओच्या भादरलेल्या उतारावरून.

"यंत्र परवा जाणार आहे," आमारो म्हणाला.

"जाऊ दे."

"एक दिवस तुझ्या जमिनीतून वाट हवी होती."

"हवी असेल."

आमारोने टोपी पिळली. आत दोसिंदाचा कढईवरचा हात थांबल्याचं एलादिओला ऐकू आलं. "मी विचार केला," आमारो म्हणाला. "लावली तू, राखली तू. जमीन माझी. अर्धं अर्धं करू."

आतून दोसिंदा लगेच म्हणाली, "ऐकलंस ना रे?"

ऐकलं होतं. अर्ध्यात उरलेलं छप्पर होत होतं. सरळ व्यवहार होता. बाल्बिनोकाकांनीही हाच सांगितला असता. पण सरळ व्यवहार घेऊन आमारो स्वतःच्या पायांनी का आला? जो माणूस अर्धं देतो, त्याने आधी पूर्ण लाटलं होतं, हे त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय एलादिओच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

"अर्धं नको," तो म्हणाला.

"एलादिओ!" आतून.

"अर्धं नको. वाट फुकट घे. फक्त खरं सांग. दोरी धरलीस तेव्हा दगड दिसत होता का?"

आमारो त्याच्याकडे बघत राहिला. पाऊस त्याच्या कानातल्या केसांवर साचत होता.

"सांगितलं, तर वाट?"

"वाट."

"आणि अर्धं?"

"तुझ्याकडेच ठेव."

आमारोने टोपी डोक्यावर चढवली. पायाखाली पाहिलं, वर पाहिलं. "दिसत होता," तो म्हणाला.

"पायापाशी?"

"पायापाशी."

आत कढई चुलीवर आपटली आणि दार बंद झालं. एलादिओ अंगणात ताठ उभा राहिला. इतक्या दिवसांनी त्याने पोटभर श्वास घेतला. शेवटी तो बरोबर होता. चोर चोरच होता. त्या दुपारी तो दोन वाडगे सूप प्याला. दोसिंदा त्याच्याशी बोलली नाही, तेही त्याला लागलं नाही.

यंत्र त्याच्या उतारावरून गेलं. एलादिओ गाडीवाटेवर उभा राहून बघत होता. पहिलं झाड पडलं. दुसरं पडलं. ज्या खोडांना तो रविवारी कवेत घ्यायचा, त्यांना यंत्राने चिमट्यात धरून काडीसारखं फिरवलं. आमारो खाली उभा होता, खिशात हात घालून, खांदे पाडून. पैसे मिळणाऱ्या माणसासारखा तो काही दिसत नव्हता. तिसरं झाड पडताना एलादिओच्या मनात काहीतरी टोचलं.

किती पटकन म्हणाला. "दिसत होता." एका शब्दाला वाट आणि वर उरलेलं अर्धं. त्या भावात कोण नाही म्हणणार? आपण त्याला खरं विचारलं, की आपल्याला हवं ते विकत घेतलं? काट्यांत छातीपर्यंत बुडालेला माणूस, हातात दोरी, डोळ्यांत वरून उतरणारं ऊन. दिसला नसेल तर? खरंच दिसला नसेल, तर तो अर्धं द्यायला सरळ मनाने आला होता, आणि आपण त्याला त्याच्याच तोंडाने स्वतःला चोर म्हणायला लावलं.

त्याने मान झटकली. आमारोने जाणूनबुजून तसं म्हटलं असेल, आपण असा विचार करत मरावं म्हणून. तसाच आहे तो.

संध्याकाळी शेवटचा ट्रक भरला. आमारो ट्रकच्या पुढे चालत वर आला, चालकाला चाकं कुठून घालायची ते हाताने दाखवत. एलादिओपाशी आल्यावर तो थांबला नाही. एलादिओच त्याच्या बरोबरीने चालू लागला.

"आमारो. खरंच दिसत होता?"

आमारोने चालता चालता त्याच्याकडे पाहिलं. "नव्हता दिसत म्हटलं, तर झाडं परत उभी करशील?"

एलादिओने तोंड उघडलं. मागून ट्रकने भोंगा वाजवला. वाट अरुंद होती, ओंडके दोन्ही बाजूंनी बाहेर आले होते. आमारो पुढे निघून गेला. एलादिओ आपल्याच जमिनीच्या कडेच्या चिखलात उतरला आणि गाडी जाईपर्यंत पाठ काट्यांना लावून उभा राहिला.